मधला एक इंच

३ फेब्रुवारी

ताई,

मावशीने तुझ्या बाकाचा फोटो पाठवला. मी मागितला नव्हता. खाली तिने लिहिलंय, "बघ तुझ्या ताईचे हात! बाबांना आता फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून बसून सुतारकाम करता येईल असा ठेंगणा बाक केला तिने. सगळी गल्ली येऊन बघून गेली." सगळी गल्ली! आपल्या गल्लीला दुसरं काम नसतं हे मला माहीत आहे, तरीपण.

फोटो मी बोटांनी ताणून ताणून मोठा केला. कुठे फट दिसते का, कुठे स्क्रूचं डोकं वर आलंय का. काही नाही. तुझ्या कामात कधीच काही सापडत नाही, हा तुझा मला सगळ्यात जास्त छळणारा गुण आहे. बाकामागे बाबा बसलेत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. असे का बसलेत ते मावशीने लिहिलेलं नाही. आणि बाकावर मधोमध रंधा. तो रंधा. मुद्दाम ठेवला होतास की असाच पडला होता?

फोन करत नाही, कारण फोन केला तर तू उचलशील आणि मग मला बोलावं लागेल. पत्राचं बरं असतं, मध्येच कुणी "बरं, मग?" म्हणत नाही.

मी मजेत आहे. तीन वर्षांत हे आठवं गाव. मध्यंतरी लाँचवर तिकिटं फाडली, मग एका फोटोवाल्याकडे गिऱ्हाइकांच्या हनुवट्या सरळ करायचं काम होतं, ते मला आवडायचं. लोकांची हनुवटी धरली की ते लगेच खरं बोलायला लागतात. असो. आता एका गोदामात औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरते. राहते एका सुताराच्या दुकानावरच्या खोलीत. तो दारं-खिडक्यांच्या चौकटी करतो. त्याला सगळे "सूतभर" म्हणतात, कारण कुठलंही काम बघितलं की तो म्हणतो, "सूतभर जास्त झालं" नाहीतर "सूतभर कमी पडलं." इंचाचे आठ भाग केले की एक सूत, हे तुला सांगायला नको. तुला सगळं आधीच माहीत असतं.

तर सांगायचं असं की मीही बाबांसाठी एक बाक करणार आहे. तुझ्यापेक्षा चांगला.

भिंगरी

२५ फेब्रुवारी

ताई,

बाक झाला नाही.

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून हेही सांगून टाकते. गोदामातल्या मोठ्या खोक्यांच्या फळ्या मिळाल्या होत्या, चांगल्या रुंद. चार फळ्या जोडून, डिंक लावून, शिकंज्यात आवळून ठेवल्या. सुट्टीच्या दिवशी सूतभरकाका दुकानात मला कोपरा वापरू देतात, बदल्यात मी भुस्सा झाडते. आठ दिवसांनी शिकंजे सोडले, तर फळी टेबलावर डोलायला लागली. हो, डोलायला. एक कोपरा दाबला की दुसरा उठायचा.

काकांनी फळीला कान लावला आणि ठोकली. "ओली होती."

"मला काय माहीत?"

"तिला माहीत होतं ना. विचारायचंस."

"फळीला?"

"माझा आवाज ऐकून तर तू थांबत नाहीस. तिचं तरी ऐकायचं."

मला तुझी आठवण झाली. म्हणजे प्रेमाने नाही. तू लाकूड घेतलं की आधी ते पंधरा दिवस घरात नुसतं उभं करून ठेवायचीस, पाहुण्यासारखं. मी विचारायचे, "याला चहा देऊ का?" बाबा हसायचे, पण तुझ्या बाजूने हसायचे. बाजू कळते गं हसण्याची.

दुकानात एक मांजर आहे. ते बरोबर माझ्याच ढलप्यांच्या ढिगात झोपतं, काकांच्या नाही. काकांच्या रंध्यातून ढलपी लांब, पातळ, रिबिनीसारखी निघते. माझ्यातून तुकडे पडतात, शेंगांची टरफलं पडावीत तसे. मांजराला ते ऊबदार वाटत असावेत. माझ्या कामाची कदर करणारं एवढं एकच जनावर.

तुझी एक ढलपी बाबांनी पुस्तकात घालून ठेवली होती, आठवतं? हातभर लांब, कुठेही न तुटलेली. उजेडासमोर धरून मावशीला दाखवली होती. मी त्या पुस्तकातून ती काढून, कुस्करून पुन्हा आत ठेवली. मग दोन दिवसांनी पाहिलं, तर तिथे दुसरी होती. तू नवीन काढून दिलीस का? काहीच बोलली नाहीस.

बाकाचा नाद सोडला. आता हत्यारांची पेटी करतेय. तीन खणांची. वरच्या खणात पटाशा, मधल्यात करवती आणि कानशी, खालच्यात बाकी सगळं. पेटी तुझ्याकडे नाही. मी फोटोत नीट बघितलं. बाबांची हत्यारं अजून पत्र्याच्या डब्यातच आहेत.

भिंगरी

१९ मार्च

ताई,

पेटीचा सांगाडा उभा राहिला! बाजू, तळ, मागची फळी, मधले दोन आडवे पट्टे. सगळं मी माझ्या हाताने मोजून, माझ्या हाताने करवतीने कापलं. काकांनी काटकोन लावून बघितला आणि "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे इतरांनी खांद्यावर घेऊन नाचवण्यासारखं आहे. फक्त "हं", सूतभर नाही!

या वेळी लाकूड मी पंधरा दिवस खोलीत उभं करून ठेवलं होतं. हो, तुझ्यासारखं. चहा विचारला नाही.

आनंद एवढाच. पुढचं वाच, तुला बरं वाटेल.

खणांच्या फळ्या पातळ, त्या हाताने सरळ कापणं मला जमत नाही. म्हणून पेटीतल्या जागा मोजल्या, कागदावर आकडे लिहिले आणि वखारीत दिले. तिथे मोठी यंत्राची करवत आहे. फळ्या कापून आल्या, मी पहिला खण जोडला, पेटीत सरकवला. आणि तो आत जाऊन खाली आपटला. बाजूला इतकी जागा, की मांजराने लगेच पंजा घालून बघितला.

मी तशीच वखारीत गेले. "तुम्ही आखूड कापलं!"

वखारवाल्याने माझाच कागद समोर धरला. "तेरा लिहिलंय. तेरा कापलंय. मोजू?"

मोजलं. तेराच होतं.

"मग माझी पेटी कशी मोठी झाली?"

"बाई, पेट्या वाढत नाहीत. मुलं वाढतात."

रांगेतले सगळे हसले. एक बाई तर हातातलं प्लायवूड खाली ठेवून हसली. मी म्हटलं, तुमच्या टेपमध्येच खोट असेल. तो म्हणाला, हा टेप इथली निम्मी घरं मोजून बसलाय.

तू असतीस तर असं झालं नसतं. हे मी चिडून लिहितेय, कौतुक समजू नकोस. माझं स्वतःचं कापलेलं बसतं आणि दुसऱ्याने कापलेलं बसत नाही. म्हणजे सगळं जग माझ्यावर टपलेलं असावं.

बाबांच्या हातांचं काय झालंय? मावशीला विचारलं तर ती म्हणते, "वय झालं की होतं." मला वयाचं नको, हातांचं सांग. चहाचा कप धरवतो का?

भिंगरी

८ एप्रिल

ताई,

दुसऱ्या वेळीही आखूड आलं.

या वेळी मी वेगळ्या वखारीत गेले होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. जागा तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा एकच आकडा. तरी खण आत जाऊन आपटला. तीनही. बरोबर तेवढीच जागा बाजूला, जणू कुणी मुद्दाम तेवढंच बोट ठेवून कापलंय.

मी पेटीला लाथ मारली. पेटीला काही झालं नाही, चांगली जोडली आहे मी. माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं.

मग वर जाऊन पिशवी भरली. माझी पिशवी भरायला दहा मिनिटं लागतात, याचा मला नेहमी अभिमान वाटायचा. नववं गाव कुठलं ते ठरवायचंही नव्हतं, जी बस पहिली लागेल ती. जिन्यातून उतरताना काका खाली चौकटीला पॉलिश-पेपर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "पेटी ठेवून चाललीस?"

"जाळून टाका."

"जाळायला कोरडं लाकूड आहे खरं. तू नीट वाळवलंस या वेळी." आणि पुन्हा घासायला लागले.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही. खरं तर मी तेव्हा तुझा फोटो काढून बघत होते. तुझा म्हणजे बाकाचा. आणि मला वाटलं, मी ही पेटी सोडून गेले, तर मावशी म्हणेल, "धाकटीचं काय, तिचं काही तडीला जात नाही." आणि तू गप्प राहशील. तू "नाही गं मावशी" म्हणणार नाहीस आणि "हो" पण म्हणणार नाहीस. नुसती फडक्याने रंधा पुसत राहशील. ते चित्र मला सहन झालं नाही. मी वर गेले आणि पिशवी रिकामी केली.

लोकांकडे जिद्द असते. माझ्याकडे तू आहेस.

आता पिशवी रिकामी केलीच आहे, तर आणखी एक गोष्ट बाहेर काढते. पहिल्या पत्रात मी रंध्याबद्दल तिरकस लिहिलं. बाबांनी तुला रंधा दिला त्या दिवशी मी जे बोलले, ते तुला शब्द न् शब्द आठवत असणार. "बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून हिची नजर रंध्यावरच होती." बाबा तिथेच होते. तोपर्यंत हात थरथरतात असं घरात कुणीच तोंडाने बोललं नव्हतं. मी बोलले. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा हात मांडीखाली घेतले.

मग मी निघून आले, आणि सगळ्यांना सांगत फिरले की मला जग बघायचंय.

भिंगरी

१६ एप्रिल

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

काल सुट्टी होती. काका म्हणाले, "तिसऱ्यांदा वखारीत जाण्याआधी माझ्यासमोर मोज." मी टेप काढला. माझा टेप नवा आहे, पिवळा, पुढे चांगलं वाकलेलं नाक असलेला. नाक पेटीच्या एका बाजूला अडकवलं, दुसऱ्या बाजूला बघितलं.

"तेरा," मी म्हटलं.

"काय तेरा?"

"रुंदी."

"टेपवर काय दिसतंय?"

"चौदा."

"मग तेरा कुठून आणलंस?"

"चौदातून एक गेला."

"कुठे गेला?"

"जातोच ना एक. सगळीकडेच जातो."

काकांनी चष्मा काढला. शर्टाला पुसला. पुन्हा लावला. "पोरी, चाळीस वर्षं मी चौकटी करतोय. माझ्या टेपमधला इंच कधी कुठे गेला नाही. तुमच्या घरात शून्याशी भांडण आहे का?"

मी हसले. आणि मग माझं हसणं तिथेच राहिलं, कारण मला आपला टेप आठवला. बाबांचा. बिननाकाचा, टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेला, नाहीतर तो डबीत पूर्ण आत जाऊन बसायचा. ज्याचा पहिला इंचच नाही. टोक लावलं की तिथेच "एक" असतो, म्हणून जे दिसेल त्यातून एक वजा करायचा. तेरा कापायचं असेल तर चौदावर खूण करायची. "एकापासून मोजायचं," असं बाबा म्हणायचे, आणि आपण दोघी इतकी वर्षं तसंच मोजत आलो. पडदे, वह्यांची कव्हरं, उंची. शाळेत मोजलेल्या उंचीतूनही मी मनात एक इंच वजा करायचे.

घरी ते चालून जायचं, कारण मोजायचं आणि कापायचं एकाच टेपने. इथे मी कापते तेव्हा एक वाढवते आणि मोजते तेव्हा एक सोडते, म्हणून माझं माझ्याशी जुळतं. आकडा दुसऱ्याच्या हातात गेला की एक इंच गायब. वखारवाले खरे होते. मी त्या दोघांनाही काय काय बोलले, देवा!

काकांना मी एवढंच सांगितलं की आमच्या टेपचं नाक तुटलं होतं.

तुटलं नव्हतं. मी कापलं.

मी नऊ वर्षांची होते, तू तेरा. तू भिंतीतल्या कोनाड्यात रेडिओसाठी फळी बसवणार होतीस. संध्याकाळी तू कोनाडा मोजलास आणि आकडा तळहातावर पेनने लिहिलास, चोवीस. बाबा मावशीला म्हणाले, "ही माझ्यापेक्षा नीट मोजते." मी तिथे उभी होते, माझ्या हातात मी केलेलं काहीतरी होतं, काय ते आठवत नाही, दोन काठ्या आणि दोरा. कुणी बघितलं नाही. सकाळी तू आंघोळीला गेलीस, आणि मी पत्रा कापायची कात्री घेऊन टेपचं नाक पहिल्या इंचासकट कापलं. मला गणित येत नव्हतं, फळी आखूड येईल वगैरे काही मी ठरवलं नव्हतं. मला फक्त तुझं नाक कापायचं होतं, आणि ते हाताला लागत नव्हतं.

तू तळहात बघून चोवीसावर खूण केलीस. फळी तेवीस आली. तू रडलीस. तुला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला इतका आनंद झाला की मी जाऊन पुन्हा दात घासले, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.

बाबांनी टेप उचलला, टोकावरून बोट फिरवलं. म्हणाले, "नाक गेलं बिचाऱ्याचं. चला, आजपासून एकापासून मोजायचं." नवा आणला नाही. का आणला नाही ते मी कधी विचारलं नाही. मी विचारलं असतं, तर त्यांनीही काहीतरी विचारलं असतं.

तो तुकडा मी खिडकीतून फेकला होता. आणि आता बघ, चौदा वर्षं तो माझ्या तोंडात बसलाय, आणि मी आकडा बोलले की तेवढाच गिळतो.

सांगितलं. आता तू काय करायचं ते कर. बाबांना सांगायचं असेल तर सांग.

भिंगरी

१२ मे

ताई,

तुझं पत्र आलं. सात ओळी. मी मोजल्या, शून्यापासून.

तुझंच तुला पुन्हा लिहून पाठवते, म्हणजे तू असं खरंच लिहिलंयस याची मला खात्री होईल: "कात्रीच्या सांध्यात तुझ्या वेणीची निळी रिबीन अडकली होती. मी ती काढून घेतली. बाबांना सांगितलं की पत्रा कापताना माझ्याच हातून टेप कापला गेला. तो टेप अजून आहे. मी नवा आणला, पण बाबा जुनाच वापरतात आणि कधी एक वजा करायला विसरतात, त्यामुळे आमचे आकडे जुळत नाहीत आणि रोज वाद होतो. कप दोन्ही हातांनी धरतात. रंध्याबद्दल बोललीस ते मी विसरलेले नाही. पेटी कशी झाली?"

मी हे दुकानाच्या दारात बसून वाचलं आणि मला काय वाटलं सांगू? राग आला. खरंच. आयुष्यात एक गोष्ट मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने, सफाईने तडीला नेली होती, आणि तीही तू तुझ्या नावावर करून घेतलीस! इतकी वर्षं बाबांना वाटतंय की टेप तू कापलास. आणि तरीही त्यांनी रंधा तुलाच दिला. मोठेपणातही तूच पहिली. थोडं काहीतरी सोड ना गं माझ्यासाठी.

मग काका म्हणाले, "रडतेयस की भुस्सा गेला डोळ्यात?" मी म्हटलं, भुस्सा. ते म्हणाले, "आज कुणी कापलेलं नाही काही." खवचट म्हातारा.

विसरू नकोस. रंध्याचं. मीही विसरणार नाही. पण बाबांना ते वाक्य माझ्या तोंडून शेवटचं ऐकलेलं राहू नये, एवढं मला वाटतं. म्हणून पेटीचं सांगते, नीट ऐक.

फळ्या पहिल्याच वखारीतून कापून आणल्या. वखारवाल्याने कागद बघितला, "चौदा? पेटी वाढली का पुन्हा?" मी म्हटलं, "माझी अक्कल वाढली, एका इंचाने." तो हसला, आणि मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. कडा थोड्या रंधून घेतल्या आणि खण बसले. तिन्ही. दोन्ही बाजूंना सारखी फट, ओढला की सुळ्ळकन येतो. काकांनी तीनदा उघडला, तीनदा लावला, कान लावून ऐकला. मी म्हटलं, बोला, सूतभर काय? ते म्हणाले, "फट सूतभर आहे. तेवढी लागतेच. लाकडालाही श्वास घ्यायला जागा लागते." मग गेले आतल्या बाजूला आणि उगीचच कुठलीतरी पटाशी शोधत बसले.

खणांच्या मुठी मी मोठ्या केल्यात. बोटांनी चिमटीत धरायच्या नाहीत, अख्खा पंजा आत जाईल अशा. हात कितीही हलले तरी खण उघडेल. मी डोळे मिटून, मुद्दाम हात हलवत हलवत शंभर वेळा उघडून बघितलाय. हे तुला सुचलं नसतं. कबूल कर. तुझे हात सरळ आहेत, म्हणून सुचलं नसतं.

रंधाही मावेल. मधल्या खणात मी त्याच्या मापाची जागा सोडली आहे. फोटोवरून अंदाज केला. ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

पेटी जाईल तुझ्या बाकाखाली. दुसरी जागाच नाही, मी तो फोटो शंभरदा बघितलाय. बाबांनी बसल्या बसल्या हात खाली सोडला की मूठ हाताशी येईल. तुझ्याखाली माझं, हे लिहिताना अजून पोटात दुखतं, पण बाबांचा हात तिथेच पोहोचतो, त्याला मी काय करू?

गोदामात काम सोडतेय म्हणून सांगून टाकलंय. पिशवी भरली आहे. या वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली, पेटी गुंडाळायची होती.

फक्त पेटीचे पाय अजून कापलेले नाहीत. बाकाखाली जमिनीपासून किती जागा आहे ते मोजून कळव. तू मोजलंस तरी चालेल, बाबांनी मोजलं तरी चालेल.

फक्त टेप कुठला घेतला होता, ते नक्की लिही.

भिंगरी